झ्युरिक: उघड्यावरच्या हेरॉइनबाजारापासून चार खांबांपर्यंत

झ्युरिकच्या मुख्य रेल्वे स्टेशनामागे झील आणि लिम्मात या दोन नद्यांचा संगम होतो. संगमावरच्या टोकदार बागेचे नाव प्लाट्झश्पिट्झ. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडचे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन याच जागेवर भरले होते, १८९८ पासून शेजारी राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत उभी आहे, आणि जेम्स जॉइसला झ्युरिकमधल्या वास्तव्यात ही संगमाची जागा फार आवडत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९२ पर्यंत मात्र ही बाग युरोपातला सर्वांत कुप्रसिद्ध हेरॉइनबाजार होती. गर्दीच्या दिवशी दोन-तीन हजार माणसे तिथे येत. उघड्यावर खरेदी-विक्री होई, बाकांवर आणि गवतावर बसून लोक शिरेत सुई टोचून घेत, आणि मात्रा जास्त होऊन निपचित पडलेल्यांचा श्वास परत आणण्यासाठी डॉक्टर, परिचारिका दिवसभर धावत असत. जगातल्या अत्यंत श्रीमंत शहरांपैकी एकात, बँकांच्या मुख्यालयांपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे चालले होते.

याच वर्षांत मुंबई-पुण्यातही गर्दची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची, साथ पसरली होती. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते १९८६ मध्ये. फरक एवढाच, की गर्द प्रामुख्याने पन्नीवर ओढला जाई, तर झ्युरिकमध्ये हेरॉइन शिरेतून घेतले जाई. या फरकामुळे झ्युरिकचा प्रश्न फार लवकर केवळ व्यसनाचा न राहता एड्सचा झाला. १९८० च्या दशकात एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण पश्चिम युरोपात स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक होते, आणि एकमेकांची सुई वापरणे हे त्याचे एक मुख्य कारण होते.

प्लाट्झश्पिट्झ एका रात्रीत तयार झाले नाही. १९८० च्या मे महिन्यात झ्युरिकच्या ऑपेरा हाउससमोर तरुणांची दंगल उसळली. ऑपेराच्या नूतनीकरणावर कोट्यवधी फ्रँक खर्च करणारे शहर तरुणांना जमायला एक इमारत द्यायला तयार नाही, हा त्यांचा राग होता. पुढे त्यांना स्वायत्त युवा केंद्र मिळाले, पण १९८२ मध्ये ते बंद होऊन पाडले गेले. हेरॉइन घेणारे तरुण तोवर एका छपराखाली होते. आता ते रस्त्यावर आले. पोलिसांनी त्यांना एका चौकातून हुसकावले की ते दुसऱ्या चौकात जमत, तिथून नदीकाठी, तिथून पुन्हा जुन्या गल्ल्यांत. अशी काही वर्षे गेली. वापरणाऱ्यांची संख्या कमी झाली नाहीच, उलट वाढत गेली.

आरोग्य खात्याचा त्या काळचा पवित्राही असाच होता. १९८५ मध्ये झ्युरिक कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याने निर्जंतुक सिरिंज वाटण्यास डॉक्टरांना मनाई केली. मोडणाऱ्याचा परवाना जाईल, अशी तंबी दिली. सिरिंज मिळाली नाही की माणूस टोचून घेणे सोडेल, असे त्यामागचे गणित. प्रत्यक्षात एकच सुई दहा हातांतून फिरू लागली. तीनशेहून अधिक डॉक्टरांनी आपण ही मनाई पाळणार नाही, असे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली. झ्युरिकच्या कहाणीतला पहिला निर्णायक क्षण हाच म्हणायला हवा. सरकारी धोरण बदलण्याआधी डॉक्टरांनी आपल्या पेशाच्या जबाबदारीवर, परवाना पणाला लावून भूमिका घेतली, आणि वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने होती.

हुसकावून उपयोग नाही हे कळल्यावर शहराने दुसरे टोक गाठले. सगळे एका जागी असतील तर निदान त्यांच्यापर्यंत मदत तरी पोहोचवता येईल, आणि बाकीच्या वस्त्यांना त्रास होणार नाही, अशा विचाराने प्लाट्झश्पिट्झकडे पोलिसांनी काणाडोळा केला. समाजकल्याण खात्याच्या प्रमुख तेव्हा एमिली लीबरहेर होत्या. स्विस स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९६९ मध्ये बर्नवर गेलेल्या मोर्चाच्या त्या नेत्या. १९७० पासून झ्युरिकच्या नगर परिषदेत. व्यसनाधीन माणूस हा आधी रोगी आहे, हे त्यांनी राजकीय व्यासपीठावरून न कचरता मांडले. १९८८ च्या अखेरीस बागेतल्याच एका छोट्या इमारतीत विद्यापीठ रुग्णालयाचे डॉक्टर पेटर ग्रोब यांच्या नेतृत्वाखाली एड्स-प्रतिबंधाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. वापरलेली सुई द्या, नवी घ्या, हा त्याचा गाभा. दिवसाला हजारो सुया बदलून दिल्या जात. त्याबरोबर हिपॅटायटिस-बीची लस, जखमांची मलमपट्टी आणि बंद पडलेला श्वास चालू करणे. एर्न्स्ट झीबर या प्रोटेस्टंट पाद्र्याने शहरात कुठेच थारा नसलेल्या एड्सग्रस्त व्यसनाधीनांसाठी 'सुने-एगे' नावाचे छोटे रुग्णालय उभे केले, तेही याच काळात.

बागेतल्या या सेवेने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण तिच्यातून बाहेर पडायची वाट नव्हती. सुई मिळे, सूप मिळे. उपचारात जागा मिळायला मात्र वाट पाहावी लागे आणि हेरॉइनला पर्याय म्हणून दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या औषधासाठी अटी कडक होत्या. शिवाय उघड्या बाजाराचा स्वतःचा असा एक ओढा असतो. जिथे माल हमखास मिळतो, भाव कमी असतो आणि पोलीस अडवत नाहीत, तिथे लांबलांबून लोक येतात. बागेत येणाऱ्यांपैकी बहुतेक जण झ्युरिकचे रहिवासीच नव्हते. त्यांची गावे हा प्रश्न झ्युरिकवर सोपवून मोकळी झाली होती. मोठ्या प्रमाणावर माल पुरवणाऱ्या टोळ्या आल्या, त्यांच्यात मारामाऱ्या सुरू झाल्या. आणि रोजच्या डोसचे पैसे उभे करण्यासाठी चोऱ्या, घरफोड्या, देहविक्री वाढली. मादक पदार्थांमुळे होणारे मृत्यूही वाढत गेले. १९९२ मध्ये देशभरात असे ४१९ मृत्यू नोंदले गेले. हा आकडा त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी गाठला गेला नाही.

५ फेब्रुवारी १९९२ रोजी बागेला कुलूप लागले. लोक जातील कुठे, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडे नव्हते. शहराबाहेरच्यांना परत घेण्याची त्यांच्या गावांची तयारी नव्हती, उपचाराच्या जागा अपुऱ्या होत्या, तुरुंग भरलेले होते. व्हायचे तेच झाले. बागेतले लोक शेजारच्या पाचव्या विभागात, म्हणजे कामगार आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्तीत पांगले. घरांच्या जिन्यांत, अंगणांत, मुलांच्या खेळायच्या जागी रक्ताळलेल्या सुया सापडू लागल्या. हळूहळू सगळे पुन्हा एका जागी गोळा झाले: लिम्मातच्या काठी, १९८९ पासून बंद पडलेल्या लेटन रेल्वे स्टेशनाच्या रुळांवर. लेटनवरचे दृश्य बागेपेक्षा भीषण होते. १९९४ च्या उन्हाळ्यात टोळ्यांमध्ये गोळीबार होऊन माणसे मेली, आणि जगभरच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ते दाखवले.

पाचव्या विभागातल्या रहिवाशांचा संताप या टप्प्यावर मोलाचा ठरला. ते रस्त्यावर उतरले, सभा घेतल्या, नगर परिषदेला जाब विचारला. त्यांच्यात सूड मागणारे होते तसे, या पोरांना आधी डॉक्टरकडे न्या, म्हणणारेही होते. अनेकांच्या स्वतःच्या घरातले कोणी ना कोणी लेटनवर होते. एकदा हाकलून पाहिले, एकदा सोसून पाहिले, दोन्ही फसले, हे आता पोलीस अधिकाऱ्यापासून समाजसेवकापर्यंत सगळ्यांना दिसत होते. महापौर योजेफ एस्टरमान, पोलीस खात्याचे प्रमुख रॉबर्ट नॉयकोम आणि लीबरहेर यांच्यानंतर १९९४ मध्ये समाजकल्याण खाते सांभाळणाऱ्या मोनिका श्टोकर यांनी कँटन आणि केंद्र सरकारला एका टेबलाशी बसवले. केंद्रात रूथ ड्रायफस यांच्याकडे गृह मंत्रालय होते. स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य याच खात्याखाली येते. पुढे, १९९९ मध्ये, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

या मंडळींनी जे धोरण पत्करले ते 'चार खांबांचे धोरण' म्हणून ओळखले जाते: प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि कायद्याची अंमलबजावणी. नावे साधी आहेत, आणि सुटी सुटी पाहिली तर त्यांत नवीन काही नाही. नवे होते ते त्यांचे एकमेकांशी बांधलेले असणे. तोवर पोलीस सुई जप्त करत आणि आरोग्यसेवक ती पुन्हा देत. दोघेही एकाच तिजोरीतून पगार घेऊन एकमेकांचे काम निष्फळ करत होते. नव्या व्यवस्थेत प्रत्येकाने काहीतरी सोडले. पोलिसांनी आजारी माणसाच्या खिशातल्या सुईमागे लागणे सोडले. समाजसेवकांनी उघड्यावरचा जमाव हा व्यसनाधीनांचा हक्क आहे, हा आग्रह सोडला. रहिवाशांनी आपल्या गल्लीत मदत केंद्र उघडू देण्याची तयारी दाखवली. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण होती, कारण अशा केंद्राला विरोध करणे प्रत्येक शहरात सर्वांत सोपे असते.

लेटन रिकामे करण्याची तयारी यावेळी अनेक महिने चालली. दिवसभर उघडी असणारी संपर्क केंद्रे शहराच्या वेगवेगळ्या भागांत सुरू झाली; त्यांत बसून, देखरेखीखाली, स्वच्छ सुईने टोचून घेण्याची खोली असे. अशी जगातली पहिली अधिकृत खोली बर्नमध्ये १९८६ मध्ये उघडली होती, त्यामुळे अनुभव हाताशी होता. डॉक्टरांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आरूड या संस्थेने मेथाडोन देण्याच्या अटी सैल केल्या: आधी व्यसन सोडा मग औषध घ्या, असे म्हणायचे नाही, आधी औषध घ्या, मग पुढचे पाहू. बाहेरगावच्यांसाठी एक केंद्र उघडले गेले. तिथे माणसाची ओळख पटवून त्याला त्याच्या गावाच्या समाजकल्याण खात्याच्या हवाली करत, आणि गावांना त्याची जबाबदारी घ्यावी लागे. विक्रेत्यांसाठी तुरुंगात जागा वाढवल्या.

१४ फेब्रुवारी १९९५ रोजी लेटन रिकामे झाले. पोलिसांचा मोठा फौजफाटा होता, पण पहिल्यासारखी पांगापांग झाली नाही. पुढचे कित्येक महिने पाच-दहा जणांचा घोळका कुठे जमू लागला की पोलीस येत आणि समाजसेवकही येत. एक विक्रेत्याला उचले, दुसरा वापरणाऱ्याला केंद्राकडे नेई. १९९२ आणि १९९५ या दोन मोहिमांमध्ये पोलिसी बळाचा फरक फारसा नव्हता. दुसऱ्या वेळी हुसकावलेल्या माणसाला जायला जागा होती, हा मुख्य फरक.

एक काळी बाजूही नोंदवायला हवी. टोळ्यांतले अनेक विक्रेते परदेशी होते, आणि लेटनच्या दृश्यांनी हादरलेल्या मतदारांनी डिसेंबर १९९४ मध्ये परदेशी नागरिकांना हद्दपारीपूर्वी दीर्घकाळ स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देणारा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला. फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला. त्याची झळ गुन्हेगारांपुरती मर्यादित राहिली नाही. आश्रय मागायला आलेल्या निरपराधांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

चारही खांबांमध्ये सर्वांत जास्त वाद झाला तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देण्यावर. जानेवारी १९९४ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. तो सर्वांसाठी नव्हता. वय किमान वीस, व्यसन किमान दोन वर्षांचे, आणि इतर उपचार पुन्हा पुन्हा फसलेले, अशांनाच प्रवेश. कारखान्यात तयार झालेले शुद्ध हेरॉइन दिवसातून दोन-तीनदा, आठवड्याचे सातही दिवस, दवाखान्यात येऊन, परिचारिकेसमोर घ्यायचे; घरी न्यायचे नाही. त्यामागचा तर्क असा. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरू लागतो आणि अंगदुखी, घाम, उलट्या, अस्वस्थता सुरू होते. ती टाळण्यासाठी माणसाचा पूर्ण दिवस पैसे मिळवणे, माल शोधणे आणि पोलीस चुकवणे यांत जातो. पुढचा डोस ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत मिळणार याची खात्री झाली की हा दिवस मोकळा होतो. झोपायला खोली, दातांचा उपचार, कर्जफेड, दुरावलेले मूल, नोकरी, यांचा विचार तेव्हाच शक्य होतो. दवाखान्यात समाजसेवक आणि मानसोपचारतज्ज्ञ असत ते याच कामासाठी.

आम्ब्रोस उख्टेनहागेन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मूल्यमापनात देशभरच्या हजारावर रुग्णांचा पाठपुरावा झाला. सुरुवातीला ६९ टक्के रुग्ण बेकायदा किंवा अर्धवट बेकायदा मार्गाने पैसे मिळवत होते. दीड वर्षाने हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. कायम नोकरी असलेल्यांचे प्रमाण १४ वरून ३२ टक्क्यांवर गेले. एका रुग्णावर दिवसाला ५१ फ्रँक खर्च होत होता आणि समाजाचे ९६ फ्रँक वाचत होते, मुख्यतः पोलीस, न्यायालय आणि तुरुंगावरचे. गुन्हेशास्त्रज्ञ मार्टिन किलियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस नोंदी आणि रुग्णांची कथने पडताळून चोरी, घरफोडी आणि किरकोळ विक्री यांत मोठी घट झाल्याचे दाखवले. आक्षेपही गंभीर होते. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी १९९९ मध्ये म्हटले, की तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे हा गुण हेरॉइनचा की सोबतच्या आधाराचा, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. हा आक्षेप रास्त होता. नंतर नेदरलँड्स, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तुलनागट ठेवून प्रयोग झाले, आणि मेथाडोनने ज्यांना गुण येत नाही अशा रुग्णांना हेरॉइनचा फायदा होतो, असे त्यांतून दिसले.

स्वित्झर्लंडमध्ये असे धोरण तज्ज्ञांच्या अहवालावर तरत नाही. त्याला मतपेटीला सामोरे जावे लागते. सप्टेंबर १९९७ मध्ये 'मादक पदार्थांविना तारुण्य' या नावाने केवळ सक्तीच्या मार्गाचा पुरस्कार करणारा प्रस्ताव सार्वमताला आला. सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. पुढच्याच वर्षी सर्व मादक पदार्थ कायदेशीर करण्याचा उलट टोकाचा प्रस्ताव आला. तोही तितक्याच ठामपणे फेटाळला गेला. १९९९ मध्ये हेरॉइन-उपचाराला ५४ टक्क्यांनी पाठिंबा दिला, आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजी चारही खांब कायद्यात आणण्यास ६८ टक्के मतदारांनी होकार दिला. त्याच दिवशी गांजा कायदेशीर करण्याची मागणी मात्र त्यांनी नाकारली. या मतदारांना व्यसनाचे कौतुक नव्हते. लेटन त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते कसे मिटले हेही पाहिले होते.

परिणामांचा सर्वांत बोलका आकडा २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कार्लोस नोर्ट आणि रुडॉल्फ श्टोलर यांनी मांडला. झ्युरिक कँटनमध्ये नियमित हेरॉइन घेऊ लागणाऱ्या नव्या लोकांची संख्या १९९० मध्ये सुमारे ८५० होती, ती २००२ मध्ये सुमारे १५० वर आली. हेरॉइन सरकार देते म्हटल्यावर तरुण त्याकडे वळतील, ही विरोधकांची मोठी भीती होती. झाले उलट. रोज ठरल्या वेळी दवाखान्यात रांग लावणारा आजारी माणूस पाहून त्या पदार्थाभोवतीचे बंडखोरीचे वलय गेले, असा या संशोधकांचा अर्थ. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशातले मादक पदार्थांचे मृत्यू १९९२ च्या तुलनेत निम्म्यावर आले होते, आणि पंधरा हजारांहून अधिक लोक मेथाडोनवर होते.

आजची व्यवस्था बरीचशी दैनंदिन प्रशासनाची बाब झाली आहे. संपर्क केंद्राच्या दारात ओळखपत्र पाहिले जाते. झ्युरिकचा रहिवासी नसेल तर प्रवेश नाही, म्हणजे बाहेरगावचा ओढा राहत नाही. आत वापरणाऱ्यांनी आपापसात केलेली अगदी किरकोळ देवघेव सहन केली जाते, कारण ती बाहेर गेली तर पुन्हा चौक भरेल. दाराबाहेर मात्र ती सहन होत नाही. २००० पासून 'सिप झ्युरी' नावाची महानगरपालिकेची पथके बागांतून आणि चौकांतून फिरतात. त्यांचे कर्मचारी पोलीस नाहीत, त्यांच्याकडे शस्त्र नसते. गोंगाटाबद्दल शेजाऱ्याची तक्रार तेच ऐकतात आणि थंडीत बाहेर झोपलेल्याला निवाऱ्यात नेण्याचे कामही तेच करतात. २००६ पासून शहराच्या माहिती केंद्रात कोणीही, नाव न सांगता, आपल्याजवळच्या पदार्थात नेमके काय आहे हे तपासून घेऊ शकतो. तपासणीबरोबर समुपदेशकाशी बोलणे बंधनकारक आहे.

ही घडी किती नाजूक आहे, ते अलीकडेच दिसले. जुन्या लष्करी बराकींच्या आवारातले मध्यवर्ती संपर्क केंद्र २०२२ मध्ये तिथून हलवले गेले. पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या बेकरआनलागे बागेत, मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी, क्रॅक ओढणाऱ्यांचे घोळके जमू लागले. रहिवासी पुन्हा बोलू लागले. शहराने पथके वाढवली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बराकींच्या आवारातच तात्पुरते केंद्र पुन्हा उघडले. बागेतली गर्दी ओसरली. क्रॅक म्हणजे ओढण्याजोगे केलेले कोकेन. त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे माणूस दिवसाला अनेकदा घेतो, झोप आणि जेवण विसरतो. आणि हेरॉइनला जसा मेथाडोनचा पर्याय आहे तसा कोकेनला अजून सिद्ध झालेला पर्याय नाही. चार खांब उभे राहिले ते हेरॉइनसाठी. या नव्या रुग्णासाठी उपचाराचा खांब अजून तोकडा पडतो.

जुने रुग्ण मात्र जगले. देशभरात हेरॉइन-उपचारावर सुमारे १,७०० लोक आहेत, आणि त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास पोहोचले आहे. प्लाट्झश्पिट्झ आणि लेटनवर विशीत असलेली ही पिढी आता फुप्फुसांचे आजार, हिपॅटायटिस-सी आणि अकाली वार्धक्य यांना तोंड देत आहे. काहींना रोज दवाखान्यापर्यंत चालत येणेही जमत नाही. करोनाच्या काळात अनेक दिवसांची मात्रा घरी नेण्याची परवानगी देण्यात आली होती. आता वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषागृहांत त्यांची सोय कशी करायची, यावर शहराचे समाजकल्याण खाते आणि डॉक्टर काम करत आहेत.